पाच मिलिमीटर

तेजल, आधी पाठ बघायची.
छाती, पोट नंतर.
वाक खाली. खांदे फिरव. आता सांग,
कमरेच्या वर, मणक्याच्या खळग्यात
माझी मूठ शिरते का?
शिरते.
मग हा तुझा नव्हे.

माझा तरी कुठं होता.
मालवणात एका गोऱ्यानं विकायला काढलेला,
फळीवर उभं राहून लाटा तुडवणारा ताडमाड माणूस.
बर्फाळ समुद्रासाठी घेतलेला हा वेटसूट
कोकणात घालून उकडून निघाला बिचारा.
बांगड्यांच्या भावात दिला.
मी मनात म्हटलं, गड्या, आमच्या तापोळ्याचं पाणी
पौषात बघ एकदा. पहाटे लाँचच्या पंख्यातली दोरी सोडवताना
बोटं आपली की उसनी आणलेली, कळत नाही.

तुझी काकू म्हणाली,
रेडकाचं कातडं कशाला आणलंत सोलून?
टबात बुडवला. पाणी चाखून बघितलं.
खारट.
चारदा बदललं तरी खारट.
कुणाचा समुद्र माझ्या मोरीत निथळत होता
कोण जाणे.

ऐक. लोकांना वाटतं हा पाणी अडवतो.
नाही अडवत.
मानेपाशी पहिलं पाणी आत येतंच,
पाठीवरून गार नाणी ओतावीत तसं.
तेवढं ठेवून घ्यायचं.
तुझ्याच अंगानं ते कोमट होतं
आणि मग तेच तुला सांभाळतं.
सूट ढगळ असला की दर हाताला नवं पाणी,
नवी थंडी, बामणोलीच्या एसटीचं दार
लागत नाही तसं.
म्हणून घट्ट हवा. पण किती?
पूर्ण श्वास घे आणि पलीकडच्या काठाला हाक मार.
हाक पोचली पाहिजे.

आपल्याकडं मीठ नाही, गाळ आहे.
उलटा करून धू, आतली बाजू आधी.
सावलीत वाळव. तारेवर नको, खांद्यात चिरतो,
जाड बांबूवर कमरेत दुमडून टाक.
(रात्री पडवीत बिनडोक्याचा माणूस दिसतो,
सवय होते.)
चेनीला मेणबत्ती घास.
फाटला तर मेढ्याच्या पंक्चरवाल्याकडं जाऊ नकोस,
मी जाऊन आलोय.
काळा गोंद मिळतो, दोन पातळ हात,
बोटाला चिकटेनासा झाला की मग दाब.

गुडघ्यांना भेगा का, हे विचारू नकोस
म्हणणार होतो.
विचारलंसच.

सहलीची बोट होती. दत्तजयंतीचा आठवडा.
एक मुलगा, तुझ्याच वयाचा असेल.
चाळीस फुटांवर सापडला.
छातीशी धरून वर आणला मी त्याला,
आणि सूट इतका चांगला, तेजल,
की त्याच्या अंगाचा गारवा
मला लागलाच नाही.

घरी आलो. कढत पाणी घेतलं,
धुण्याची पावडर, घोड्याचा ब्रश,
घासघास घासला,
आणि पत्र्यावर टाकला, भर उन्हात.
तीन चुका एका दुपारी.
रबर तडकलं.
काकू काही बोलली नाही, चहा ठेवून गेली.

तर. तुझा पुण्याहून मागवू,
पोटाला जाड, खांद्याला पातळ,
बायकांच्या मापाचा वेगळा मिळतो म्हणे.
महाग आहे. असू दे,
कुणाचा उतरलेला घालून
त्या पाण्यात जायचं नाही तू.
हा राहील माझ्याकडं.
गुडघे गेले, पाठ शाबूत आहे.
तुझा फाटेल कधीतरी, फाटतोच,
तेव्हा ठिगळाला होईल.

चल, हात वर कर.
दंडाचं माप राहिलंय.